आधी एक रात्र अंगणात

तुमच्या घरातही असं एखादं माणूस असेल. त्याला कितीतरी वर्षांपासून कुठेतरी जायचं असतं, आणि दरवर्षी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून ते राहून जातं.

आमच्याकडे त्या सासूबाई. वय ७४. सगळा जन्म जबलपुरात गेला, घर तिलवाऱ्याला, नर्मदा रोज डोळ्यांसमोर. इच्छा एकच, परिक्रमा. पायी जमणार नाही, हे त्यांनीच मान्य केलं होतं. गाडीने नेणाऱ्या यात्रा आहेत, पण अडतं ते दर्शनाच्या रांगेत नाही, शौचालयापाशी अडतं. गुडघे वाकत नाहीत, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, आणि धर्मशाळेतला संडास अंगणाच्या पार पलीकडे. "माईचं दर्शन इथूनही होतं, ती कुचंबणा नको," असं त्या म्हणाल्या आणि आम्हाला वाटलं, विषय संपला.

तो पुन्हा काढला धाकट्या दिरांनी. ते आयुध निर्माणीतले निवृत्त फिटर. 'जोंगा' या लष्करी गाडीचं नाव 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली' याच्या आद्याक्षरांवरून पडलंय. अशा गावातल्या कारागिराला जीपमागे लावायची जुनी ट्रॉली दिसली, की हात शिवशिवणारच. आठ फूट लांब, पाच फूट रुंद. "वहिनी, आईंची खोली चाकांवर ठेवू," म्हणाले.

तुमच्याही मनात असं काही असेल, तर आमच्या चुका आधी ऐका.

पहिली फेरी वेल्डरकडे नको, आरटीओकडे करा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे, त्यामुळे त्याची वेगळी नोंदणी लागते. शिवाय नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी जुळणार नाही असा फेरफार कलम ५२ नुसार परस्पर करता येत नाही. विमा कंपनीशीही आधीच बोलून घ्या. कागद अपुरे असतील, तर अपघाताच्या वेळी कळतं आणि तोवर उशीर झालेला असतो.

मग वजन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे शाळेत शिकलेलं आम्ही विसरलो होतो. हौसेने १०० लिटरची टाकी मागच्या बाजूला बसवली. रिकाम्या रस्त्यावर जरा वेग घेतला, तर ट्रॉली शेपटी हलवावी तशी डोलायला लागली. कारण साधं आहे. ट्रॉलीच्या एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार पुढे, जीपच्या हुकवर यायला हवा. मागे वजन वाढलं की हुक उचलला जातो आणि ट्रॉली गाडीलाच ओढायला लागते. आता टाकी ६० लिटरची आहे आणि बरोबर आसावर आहे. तमिळनाडूचे तरुण वास्तुविशारद अरुण प्रभू यांनी ऑटोरिक्षावर ३६ चौरस फुटांचं घर उभं केलं, त्याची बरीच चर्चा झाली होती. त्यात २५० लिटरची टाकी होती. भरली की नुसतं पाणीच अडीचशे किलो! फोटोत टाकी दिसते, वजन दिसत नाही.

सगळ्यात मोठी फजिती विजेची. मे महिन्यात, अंगणातच, पहिली रात्र काढायची ठरली. आत कूलर, छोटा फ्रिज, इन्व्हर्टर, सगळा थाट. रात्री अडीचला सगळं बंद! पत्र्याची खोली तापलेली, सासूबाई घामाने चिंब. मला वाटलं, आता त्या पुन्हा 'नको' म्हणणार.

सकाळी चहा घेता घेता त्यांनी वही मागितली. चाळीस वर्षं घरखर्च लिहिणारी बाई! "प्रत्येक वस्तू किती वीज खाते ते सांगा," म्हणाल्या. हिशेब असा निघाला. कूलर १५० वॉट आणि फ्रिज सरासरी ४० वॉट, म्हणजे तासाला १९० वॉट-अवर. आमची १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची शिसे-आम्ल बॅटरी कागदावर १२०० वॉट-अवरची. पण ती टिकवायची, तर त्यातले निम्मेच वापरायचे. म्हणजे जेमतेम तीन तास.

नवा हिशेब त्यांनीच मांडला. ३० वॉटचा डीसी पंखा दहा तास, ३००. छतातला १० वॉटचा एक्झॉस्ट दहा तास, १००. दोन एलईडी दिवे ५०, मोबाइल आणि पंप मिळून ५०. एकूण ५००. छतावरचं २०० वॉटचं पॅनेल साडेचार तास चांगलं ऊन मिळालं, तर वजावट धरूनही सुमारे ६०० देतं. त्याला १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी जोडली. ती वजनाला जुनीच्या निम्म्याहून हलकी, आणि ढगाळ हवेतही दोन रात्री निभावते. कूलरऐवजी छताला पांढरा रंग, आतून इन्सुलेशन आणि समोरासमोर दोन खिडक्या. फ्रिजवर काट मारताना त्या एवढंच म्हणाल्या, "दही घरोघरी मिळतं."

शेगडी बाहेर फळीवर ठेवा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून जमिनीलगत झरोके हवेतच. बंद खोलीत शेगडी किंवा कोळसा कधीच पेटवू नका.

आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते कमोड. योग्य उंचीचं, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. लघवी वेगळी, बाकीच्यावर लाकडाचा कोरडा भुसा, त्यामुळे वास येत नाही. डबा नदीपासून लांब, योग्य ठिकाणीच रिकामा करायचा. साबणाचं पाणीही नदीत नाही. जिची परिक्रमा करायची, तिच्यातच घाण कशी सोडणार?

जुलैत दुसरी रात्र काढली. पहाटे दार उघडून सासूबाई स्वतः उतरल्या, पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "रात्री तीनदा उठले. कुणालाच उठवावं लागलं नाही." माझ्या लेखी ट्रॉली त्या क्षणी तयार झाली.

कार्तिकी एकादशीनंतर निघायचं आहे. परिक्रमेत नर्मदा उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही. आमचं तिलवारा उत्तर तटावर, म्हणजे समोरचा रोजचा पूल आता वर्ज्य, आणि तोंड अमरकंटकाकडे.

तुम्ही असं काही करणार असाल, तर सामानाच्या यादीआधी घरातल्या त्या माणसाला विचारा, नेमकं कुठे अडतं? तेवढं सोडवा, बाकीचं निम्मं घरी ठेवा. आणि हो, पहिली रात्र अंगणातच काढा. तिथे बॅटरी संपली, तर घराचं दार चार पावलांवर असतं.