‘कालातीत’ म्हणून सुटका नको

कलासमीक्षेत ‘कालातीत’ हे विशेषण फार सोयीचे ठरते. ओनोरे दोमिए या फ्रेंच चित्रकाराच्या १८३४ मधील एका शिळामुद्रित चित्राला ते इतक्यांदा चिकटवले गेले आहे की त्याखालचा आरोपच वाचता येईनासा झाला आहे. ‘मानवी वेदनेचे चिरंतन दर्शन’ अशी त्याची वाखाणणी होते. ही वाखाणणी नव्हे; चित्राच्या हातातील शस्त्र काढून घेण्याचा हा सभ्य मार्ग आहे.

चित्राचे नाव आहे ‘र्‍यू त्रांसनोनँ, १५ एप्रिल १८३४’. केवळ रस्ता आणि तारीख! पॅरिसमधील उठाव मोडताना, १२ क्रमांकाच्या घरातून गोळी सुटली असे सांगून सैनिक आत शिरले आणि त्यांनी रहिवाशांना ठार केले. तो रस्ता पुढे १८५१ मध्ये बोबूर रस्त्यात विलीन झाला. म्हणजे नकाशाने टाकलेला पत्ता चित्राने जपला. असे पत्त्यानिशी केलेले दोषारोपण चिरंतन कसे?

दोमिएने सैनिक काढलेलाच नाही. बिछान्याला टेकून कोसळलेला, रात्रीचा सदरा आणि टोपी घातलेला माणूस. त्याच्या देहाखाली चिरडलेले मूल. काळोखात एक स्त्री, कडेला एका वृद्धाचे मस्तक. त्या सदऱ्याकडे नीट पाहावे. झोपेतून उठवलेला माणूस बंडखोर होता, हा बचाव त्याच्यापुढे टिकत नाही. बोदलेरने या चित्राला व्यंगचित्र न म्हणता इतिहास म्हटले, ते उगाच नव्हे.

१८३१ मध्ये याच दोमिएने राजा लुई-फिलिप नाण्यांच्या टोपल्या गिळणाऱ्या राक्षसाच्या रूपात रंगवला आणि सहा महिन्यांची कैद ओढवून घेतली. तिथे अतिशयोक्ती होती, राजाचा अपमान दाखवता येत होता. इथे वाकडी रेष एकही नाही. खटला भरायचा तो कशावर? सरकारने मग दगड आणि हाती लागतील त्या प्रती जप्त केल्या.

समीक्षकांपेक्षा सरकारचे चित्रवाचन अधिक अचूक होते, असे म्हणावे लागते. अभ्यवेक्षण पुन्हा कधीही आणले जाणार नाही, असे वचन १८३० च्या सनदेत होते. तरी सप्टेंबर १८३५ च्या कायद्याने प्रत्येक चित्राला पूर्वपरवानगी आवश्यक केली. छापील मत हे मत, पण चित्र म्हणजे कृती, असा युक्तिवाद त्यासाठी करण्यात आला.