उपस्थात्याचा हिशेब कोणी ठेवायचा?

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. आपल्या अधिवेशनांत भिषजाच्या अधिकारांविषयी ठराव होतात, द्रव्यांच्या वाढत्या किमतींविषयी चर्चा होते आणि रोगी तर आपल्या सर्वांच्याच अन्नाचा आधार आहे. उपस्थात्याविषयी मात्र एखादा ठराव झाल्याचे मला स्मरत नाही. औषधे कुटणारा, भट्टी सांभाळणारा, रुग्णाला अभ्यंग करणारा हा माणूस आपल्या जमाखर्चात ‘पगार’ या एका ओळीत येतो आणि तेथेच संपतो. त्या ओळीखाली आणखी एक ओळ असावयास हवी, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

माझ्याच चुकीपासून आरंभ करतो. सन २०१७ च्या पावसाळ्यात कडेगाव येथील माझ्या छोट्या औषधशाळेत तैलपाक चालू असताना कढई कलंडली आणि आमच्या मदतनिसाचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. रुग्णालयाचे निम्मे बिल मी भरले, वर पंचवीस हजार रुपये दिले आणि हितचिंतकांच्या सल्ल्यावरून शंभर रुपयांच्या मुद्रांकावर ‘माझी काहीही तक्रार नाही’ असे लिहून घेतले. त्याने न वाचता सही केली. उरलेल्या बिलासाठी त्याने दुभती म्हैस विकली, हे मला फार उशिरा कळले. कोपर आखडल्यामुळे त्याला पुढे भट्टीचे काम जमेना. मी ते पैसे नंतर त्याच्या घरी नेऊन दिले. पण तोवर दावा करण्याची दोन वर्षांची मुदत उलटून गेली होती. त्याने दावा केलाच नसता, कारण तो मला ‘घरचा’ समजत होता. मीही त्याला घरचा समजत होतो. या ‘घरचा’ शब्दाआडच आपण सर्व जण आपली जबाबदारी लपवतो.

कायद्याच्या दृष्टीने तो मुद्रांक निरर्थक होता. कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ सालचा. त्याच्या १७ व्या कलमानुसार भरपाईचा हक्क सोडून देणारा कोणताही करार रद्दबातल ठरत असे. सन २००९ च्या दुरुस्तीने त्याचे नाव कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झाले आणि कामावर झालेल्या दुखापतीच्या उपचारांचा प्रत्यक्ष खर्च पूर्णपणे मालकावर आला. म्हणजे ‘निम्मे बिल भरले’ हे माझे औदार्य नव्हते, ती थकबाकी होती. दि. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन झाला आहे. मालकाची जबाबदारी मात्र कायम आहे.

ही जबाबदारी कोणाची? आपल्यापैकी अनेक जण सर्वोच्च न्यायालयाच्या डॉ. देवेंद्र सुर्ती यांच्या खटल्याचा आधार घेतात. डॉक्टरचा खासगी दवाखाना ही ‘व्यापारी आस्थापना’ नव्हे, असा निर्णय त्या खटल्यात झाला, हे खरे. परंतु तो निर्णय मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यापुरता होता. नुकसानभरपाईचा प्रश्न वेगळ्या कसोटीवर ठरतो. जेथे विजेच्या साहाय्याने वस्तू तयार होते, तेथे काम करणारा माणूस या संरक्षणात येतो. मग माणसे दोन असोत वा आठ. पल्व्हरायझर किंवा गोळ्यांचे यंत्र चालविणारी प्रत्येक फार्मसी या व्याख्येत बसते. केवळ रुग्णतपासणी होणाऱ्या दवाखान्यांनी संहितेच्या परिशिष्टातील नोंदी जाणकाराकडून तपासून घ्याव्यात. दहा किंवा अधिक माणसे असतील व राज्य विमा योजना लागू असेल, तर मालकाने वेतनाच्या ३.२५ टक्के व कर्मचाऱ्याने ०.७५ टक्के वर्गणी भरायची असते आणि भरपाईचा भार महामंडळ उचलते. खरा प्रश्न दहांहून कमी माणसांच्या, म्हणजे आपल्यातील बहुसंख्यांच्या, औषधशाळांचा आहे.

आता आकडे पाहू. भरपाईसाठी धरावयाच्या मासिक वेतनाची मर्यादा ३ जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये करण्यात आली. त्या वेतनाचा तीस वर्षांचा माणूस कामावर दगावला, तर वेतनाचा निम्मा भाग आणि वयानुसारचा २०७.९८ हा गुणक यांचा गुणाकार, म्हणजे १५,५९,८५० रुपये देय होतात. कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर साठ टक्के वेतन धरून १८,७१,८२० रुपये. यंत्रात एका हाताची दोन बोटे गेली, तर परिशिष्टाप्रमाणे कमाईची क्षमता २० टक्क्यांनी घटली असे धरून ३,७४,३६४ रुपये. अंगठा गेला तर ३० टक्के. मृत्यूची रक्कम परस्पर कुटुंबाच्या हाती देऊन सुटका होत नाही. ती सक्षम प्राधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. विलंब केल्यास व्याज आणि पन्नास टक्क्यांपर्यंत वाढीव रक्कम भरावी लागू शकते.

आपल्या शास्त्राला आणखी एक गोष्ट लागू आहे. व्यवसायजन्य रोगांच्या यादीत पारा, शिसे व सोमल यांची विषबाधा आहे. रसशाळेत पारद, नाग, हरताळ यांचे शोधन-मारण करणाऱ्या माणसाला पुढे त्रास झाला, तर तोही अपघातासारखाच गणला जातो. आरोग्यसेवेतील कामामुळे जडलेले संसर्गही त्याच यादीत आहेत. रक्तमोक्षणाच्या वेळी सुई टोचलेल्या सहायकाचा विचार येथे करावा.

नव्या संहितेने घरून कामावर येता-जाता झालेला अपघातही, कामाशी संबंध सिद्ध झाल्यास, यात घेतला आहे. आपल्या तालुक्यात याचा अर्थ सांगावयास नको. कडेपूर, नेवरी, वांगी येथून आपली माणसे दुचाकीवर येतात आणि गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमधून वाट काढतात.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी : या भरपाईसाठी विमा उतरविणे मालकाला सक्तीचे नाही, जबाबदारी मात्र सक्तीची आहे. जर्मनीने १८८४ मध्येच अपघात विम्याची सक्ती केली. आपण ज्यांच्या कायद्यावरून आपला कायदा बेतला, त्या इंग्लंडनेही १९६९ च्या कायद्याने ती केली. आपल्याकडे ते मालकाच्या विवेकावर सोपविले आहे. मोठा कारखाना पंधरा लाख रुपये सोसेल. आपल्यासारख्याची वास्तू गहाण पडेल, किंवा त्या कुटुंबाला काहीच मिळणार नाही. बहुधा दुसरेच घडते.

हप्ता किती? तो एकूण वार्षिक वेतन व कामाचा धोका यांवर ठरतो. सहा माणसांचे वार्षिक वेतन १०,८०,००० रुपये होते. उदाहरणादाखल दरहजारी दहा रुपये दर धरला, तर १०,८०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून १२,७४४ रुपये. म्हणजे माणशी महिना १७७ रुपये. प्रत्यक्ष दर कमी-अधिक असेल. चिकित्सासेवा करमुक्त असल्यामुळे निव्वळ दवाखान्याला हा कर परत मिळत नाही, ही तक्रार रास्त आहे. तरीही हा खर्च पेलण्याजोगा आहे.

हप्ता वाचविण्यासाठी सहा माणसांची चार दाखविणे किंवा पगार निम्मा लिहिणे, ही आपली जुनी खोड. दावा उभा राहतो तेव्हा विमा कंपनी हजेरीपट मागते आणि वाचविलेले हजार रुपये लाखांनी वसूल होतात. पॉलिसी घेताना वैद्यकीय खर्च, व्यवसायजन्य रोग, कंत्राटी माणसे आणि प्रवासातील अपघात यांचा समावेश आहे का, हे लेखी विचारावे. पुष्कळदा त्यांसाठी वेगळा हप्ता लागतो. विलंबाचा दंड तर कोणत्याही परिस्थितीत आपल्याच खिशातून जातो, असे गृहीत धरावे.

संघटनेला माझी विनंती आहे की, तालुकानिहाय सभासदांच्या औषधशाळांची व माणसांची यादी करावी, सार्वजनिक क्षेत्रातील विमा कंपन्यांकडून एकत्रित दरपत्रके मागवावीत आणि पुढील वार्षिक सभेत हा विषय पत्रिकेवर घ्यावा. तोपर्यंत प्रत्येकाने निदान हजेरीपट खरा ठेवावा आणि यंत्राचे झाकण जागेवर आहे ना, हे उद्या सकाळीच पाहावे.

उपस्थात्याच्या गुणांत आचार्यांनी अनुरागही सांगितला आहे. माझ्या त्या मदतनिसापाशी तो होता. त्याच्या बदल्यात मी त्याला एक मुद्रांक दिला. व्यवसायबंधूंपैकी कोणावर ही वेळ येऊ नये, एवढ्याचसाठी हे सविस्तर लिहिले.