बोटाचा जोर, ट्रॉलीचा भार

मुलांनो, गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या शाळेच्या मैदानात पावसाळ्यात पाणी साचतं, नुसता चिखल होतो. म्हणून गावानं मैदानावर मुरूम टाकायचं ठरवलं. एके दिवशी ऐन मधल्या सुट्टीत ट्रॅक्टर आला. मागे ट्रॉली, ट्रॉलीत एक ब्रास मुरूम. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. वजन चार टनांच्या वरच! ड्रायव्हरदादांनी सीटवर बसल्या बसल्या एक दांडा ओढला आणि ट्रॉलीची पुढची बाजू हळूहळू वर जाऊ लागली. मुरूम घरंगळत खाली आला. मुलं टाळ्या पिटत होती आणि मीसुद्धा त्यांच्यातच उभी राहून कौतुकानं पाहत होते.

तेवढ्यात चौथीतल्या एका मुलाचा चेंडू त्या उचललेल्या ट्रॉलीखाली गेला. पठ्ठ्या वाकला आणि सरळ आत शिरला! ड्रायव्हरदादा एवढ्या मोठ्यानं ओरडले, की सगळं मैदान चिडीचूप झालं. मुलगा चेंडू घेऊन बाहेर आला. काही झालं नाही. पण दादांचे हात थरथरत होते. ते मला म्हणाले, "बाई, ट्रॉली तेलावर उभी हाय. तेलाचा काय भरवसा?"

मुलगा रडवेला झाला होता. पण प्रश्न त्याला गप्प बसू देईना. त्यानं विचारलं, "बाई, जे तेल एवढं वजन उचलतं, ते पाडेल कसं?"

त्या क्षणी मला नीट उत्तर देता आलं नाही. मग मी वाचलं, गॅरेजवाल्यांना विचारलं आणि दोन दिवसांनी वर्गात एक प्रयोग केला. तोच आज तुम्हीही करून पाहा.

औषधाच्या दुकानातून दोन नव्या, सुई नसलेल्या सिरिंज आणा. एक 5 मिलिलिटरची, दुसरी 20 मिलिलिटरची. वापरलेल्या सिरिंजला हात लावायचा नाही, बरं का! माशांच्या टाकीत हवा सोडतात तसली हातभर पारदर्शक नळीही घ्या.

आधी छोट्या सिरिंजमध्ये नुसती हवा घ्या. तोंडावर बोट घट्ट धरा आणि दट्ट्या दाबा. तो आत जातो आणि सोडला की परत येतो. हवा स्प्रिंगसारखी दबते. आता त्यात पाणी भरा आणि तसंच करा. काय झालं? दट्ट्या जागचा हलत नाही! पाणी, तेल असे द्रव पदार्थ दाबून लहान होत नाहीत. निदान आपल्या डोळ्यांना दिसेल इतके तरी नाहीच. हायड्रॉलिक यंत्राचं अर्धं गुपित हेच.

आता दोन्ही सिरिंज आणि नळी बादलीतल्या पाण्यात बुडवून भरा आणि पाण्यातच जोडा, म्हणजे आत हवेचा बुडबुडा राहणार नाही. मोठा दट्ट्या थोडाच बाहेर ठेवा, छोटा पूर्ण बाहेर. मोठ्या दट्ट्यावर थोरल्या भावाला अंगठा ठेवायला सांगा. छोटा दट्ट्या तुम्ही दाबा. भाऊ कितीही जोर करो, जिंकाल तुम्हीच!

असं का होतं? याचं उत्तर ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञानं दिलं. त्याचा जन्म 1623 सालचा. वडिलांना करवसुलीचे हिशेब करावे लागत, म्हणून यानं विशीच्या आतच बेरीज-वजाबाकी करणारं यंत्र बनवायला घेतलं होतं. द्रवांवरचा त्याचा ग्रंथ 1663 साली, त्याच्या मृत्यूनंतर वर्षभरानं छापला गेला. पास्कल सांगतो, की कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, तर तो दाब सगळीकडे सारखाच पोचतो. त्याची आठवण म्हणून दाबाच्या एककालाही पास्कल हेच नाव आहे.

जरा हिशेब करू या. समजा, छोट्या दट्ट्याचं क्षेत्रफळ 1 चौरस सेंटिमीटर आहे आणि मोठ्याचं 50. छोट्यावर 10 किलो वजनाइतका जोर दिला. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर तेवढाच जोर पोचणार. मोठ्या दट्ट्याजवळ असे 50 चौरस सेंटिमीटर आहेत. म्हणजे त्याला मिळाला 500 किलोंचा जोर!

मग हा जोर फुकटात मिळाला का? छे! छोटा दट्ट्या 50 सेंटिमीटर दाबावा, तेव्हा मोठा जेमतेम 1 सेंटिमीटर उचलला जातो. जोरात कमावलं ते अंतरात गमावलं. पंक्चरच्या दुकानात ट्रक उचलणारा तो बुटका जॅक पाहा. दुकानदार दांडा कितीदा खालीवर करतो आणि ट्रक मात्र बोटबोटभर चढतो. दर खेपेला वर गेलेलं तेल परत खाली येऊ नये, म्हणून आत एकाच दिशेनं उघडणारी झडप असते.

तत्त्व कळलं, तरी यंत्र बनायला बराच काळ गेला. इंग्लंडमधल्या जोसेफ ब्रामा या कुलपं बनवणाऱ्या कारागिरानं 1795 साली पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं. पण जितका दाब वाढवावा, तितकं दट्ट्याच्या कडेनं पाणी जोरात गळायचं. त्यावर वाटीसारखा चामड्याचा वॉशर बसवण्यात आला. ही युक्ती त्याच्याकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्ले या तरुणाची होती, असं म्हणतात. दाब वाढला, की तेच पाणी वाटीची कड फाकवतं आणि ती भिंतीला आणखी घट्ट चिकटते. गळणाऱ्या पाण्यालाच राखणीला बसवलं म्हणा ना! सायकलच्या पंपातला वॉशरही वाटीसारखाच असतो. घरी जुना पंप असेल तर मोठ्यांच्या मदतीनं उघडून पाहा.

आता ट्रॉलीकडे वळू. ट्रॅक्टरमध्ये तेलाची टाकी असते. तेल का? तर पाण्यानं लोखंड गंजतं; तेलानं गंजत नाही आणि घासणाऱ्या भागांना वंगणही मिळतं. कचरा अडवायला गाळणी असते. इंजिनाच्या जोरावर पंप फिरतो आणि तेल ढकलतो. ड्रायव्हरदादांनी ओढला तो दांडा म्हणजे झडपेची किल्ली. तेलानं कुठल्या वाटेनं जायचं, हे ती झडप ठरवते. तिथून जाड रबरी पाइपातून तेल ट्रॉलीखालच्या सिलिंडरमध्ये शिरतं. सिलिंडरचे भाग जुन्या रेडिओच्या एरियलसारखे एकातून एक बाहेर येतात आणि ट्रॉली उचलली जाते. दाब फारच वाढला, तर जादा तेल टाकीकडे परत सोडणारी एक सुरक्षा झडपही असते. टाकी, गाळणी, पंप, झडप, पाइप, सिलिंडर. जेसीबीच्या सोंडेपासून विमानाच्या चाकांपर्यंत बहुतेक ठिकाणी ही मंडळी थोड्याफार फरकानं भेटतात.

एवढं सांगून झाल्यावर मी त्या चौथीतल्या मुलालाच प्रयोगासाठी पुढे बोलावलं. मोठ्या दट्ट्यावर त्यानं तळहात ठेवला, छोटा दट्ट्या त्याच्या मैत्रिणीनं दाबून धरला. तो सगळं अंग टाकून दाबत होता, तरी दट्ट्या खाली जाईना. वर्ग हसत होता. इतक्यात नळी निसटली! पाणी सगळ्यांच्या अंगावर उडालं आणि त्याचा हात खाडकन खाली आला. सगळे आणखी जोरात हसले. तो एकटा हसला नाही. हाताकडे पाहत हळूच म्हणाला, "बाई, तेव्हा पाइप निसटला असता तर?"

त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यानंच शोधलं होतं. तेल दबत नाही, पण वाट मिळाली की पळतं. कोंडलं आहे तोवर ते खांबासारखं उभं. पाइप फुटला, वॉशर फाटला किंवा कुणी चुकून दांडा हलवला, तर तोच खांब क्षणात नाहीसा होतो.

म्हणून या गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. उचललेल्या ट्रॉलीखाली, डंपरखाली किंवा जेसीबीच्या सोंडेखाली कधीही जायचं नाही. चेंडू गेला तर जाऊ दे, नवा येईल. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीही शिरायचं नाही. हायड्रॉलिक पाइपातून तेलाची बारीक चिळकांडी उडताना दिसली, तर बोट लावून पाहायचं नाही. जोराच्या दाबाखालचं तेल कातडीतून आत घुसू शकतं. आणि पालकहो, ट्रॉलीखाली काम करायचंच असेल, तर आधी ती रिकामी करून खाली भक्कम लोखंडी टेकू लावा. शेजारी मुलं उभी असतील, तर आधी त्यांना लांब पाठवा. मी त्या दिवशी हे केलं नव्हतं, म्हणून मुद्दाम सांगते.

आता पुढच्या आठवड्यासाठी प्रश्न. मोटारीच्या ब्रेकमध्येही असंच तेल असतं आणि त्यात हवेचा बुडबुडा शिरला, तर ब्रेक मऊ पडतो, नीट लागत नाही. मग मोठ्या बस आणि ट्रक थांबताना 'फुस्स' असा हवेचा आवाज का येतो? तिथे हवा कशी चालते बुवा? विचार करा, घरात विचारा आणि उत्तर वहीत लिहून ठेवा. पुढच्या अंकात ताडून पाहू!