तक्रार केली म्हणून कामावरून काढले? तो छळाचाच पुढचा टप्पा आहे!

एखादी बाई साहेबाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार करते आणि महिन्या-दीड महिन्यात तिच्या कामात अचानक चुका सापडू लागतात. चार वर्षे कुणाला न दिसलेला उशीर दिसू लागतो. मेमो निघतात. मग एके दिवशी 'आपली कामगिरी असमाधानकारक आहे' असे पत्र तिच्या हातात पडते. ती ठेकेदाराकडची सफाई कामगार किंवा रुग्णालयातली आया असेल, तर तेवढा कागदही मिळत नाही. मुकादम म्हणतो, "उद्यापासून येऊ नको." संपला विषय.

कंपनी सांगते, तक्रारीचा आणि काढण्याचा काही संबंध नाही. नातेवाईक सांगतात, जाऊ दे, अब्रूचा प्रश्न आहे, दुसरीकडे काम बघ. आम्ही या दोघांशीही सहमत नाही. संबंध आहे, आणि तो सिद्ध करता येतो. पण त्यासाठी एक गोष्ट पक्की समजून घेतली पाहिजे: छळ, नोकरी आणि जात या तीन गोष्टींसाठी या देशात तीन वेगवेगळे कायदे आहेत. मालकाचे सगळे डावपेच त्या तिघांमधल्या फटीत चालतात.

आधी हा हक्क कुणाच्या रक्तातून आला ते आठवू. राजस्थानातील भटेरी गावची भंवरीदेवी, कुंभार समाजातली, सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथीन' होती. बालविवाह रोखायला गेली म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या न्यायालयाने बलात्काराच्या आरोपातून आरोपींना सोडले. वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईवर बलात्कार कसा करतील, अशा धाटणीचा विचार त्या निकालात होता. या प्रकरणामुळे महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी विशाखा निकाल आला. आज वातानुकूलित कचेऱ्यांच्या भिंतींवर 'पॉश'ची पोस्टर्स लागतात, त्यांच्या मुळाशी एक बहुजन, कष्टकरी बाई आहे. पोस्टरवर मात्र तिची जातही नसते आणि नावही नसते.

विशाखा निकालाने एक स्पष्ट बजावले होते: तक्रारदार आणि साक्षीदार यांना त्रास किंवा भेदभाव सोसावा लागणार नाही, ही जबाबदारी मालकाची. १६ वर्षांनी, २०१३ मध्ये संसदेने कायदा केला, तेव्हा सूडाविरुद्धचे स्वतंत्र कलम त्यात आलेच नाही. कलम ३ मध्ये नोकरीवर गदा आणण्याची उघड किंवा गर्भित धमकी लैंगिक वर्तनाशी जोडलेली असेल, तर तो छळ ठरू शकतो, एवढी सोय आहे. समिती चौकशी करते, कारवाईची आणि भरपाईची शिफारस करते. गेलेली नोकरी परत मिळवून देण्याचा स्पष्ट अधिकार तिला नाही. बोलणाऱ्या बाईला सर्वांत मोठी भीती पोटाची असते, आणि कायदा नेमका तिथेच पुटपुटतो!

म्हणून एका दारावर थांबायचे नाही.

पहिले दार समितीचे. नोकरी गेली म्हणून तक्रार मरत नाही. कायद्यातली पीडित महिला 'नोकरीत असो वा नसो' पीडितच असते. ठेक्यावरची, रोजंदारीवरची, शिकाऊ, सगळ्यांना हा कायदा लागू आहे. दहा किंवा अधिक कामगार असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. कामगार त्याहून कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. घटनेपासून, आणि छळ वारंवार झाला असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हायला हवी. 'खोटी तक्रार' म्हणून धमकावले जात असेल तर हेही सांगा, की आरोप सिद्ध करता आला नाही एवढ्यावरून तक्रारदारावर कारवाई करता येत नाही. हे कायद्यातच लिहिले आहे.

दुसरे दार कामगार कायद्याचे, आणि नोकरी परत मिळवण्याचा रस्ता इथून जातो. सूडबुद्धीने कामावरून काढणे ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यानुसार अनुचित कामगार प्रथा आहे, आणि त्याखाली ९० दिवसांत तक्रार करायची असते. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी आलेल्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही सूडाने काढणे अनुचित प्रथांच्या यादीत आहे. इथे ठेका कामगाराची मात्र कोंडी होते. मूळ मालकाशी नातेच वादात असेल, तर १९७१ च्या कायद्याखालची तक्रार टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ठरवले. म्हणजे जिला सर्वांत जास्त गरज, तिच्याच तोंडावर दार बंद! तिला आधी समेट अधिकाऱ्याकडे औद्योगिक विवाद उपस्थित करावा लागतो. म्हणून काढल्याच्या पहिल्याच आठवड्यात कामगार वकील गाठा. पैशांची चिंता नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार महिलेला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा.

सूड सिद्ध होतो का? होतो. पंजाब अँड सिंध बँकेच्या एका महिला अधिकाऱ्याने शाखांतील गैरव्यवहार आणि वरिष्ठाकडून होणारा छळ यांविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा तिची इंदूरहून बदली केली गेली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बदली सूडाची मानून ती रद्द करणारा उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला आणि बँकेला ५० हजार रुपये खर्चापोटी द्यायला लावले. हा खटला तारखांच्या आणि कागदांच्या क्रमावर उभा राहिला. तुमचाही तसाच उभा राहील. तक्रारीची पोच, तिच्याआधीची चांगली शेरेपत्रके, पगारवाढीची पत्रे, तिच्यानंतरचे मेमो, मुकादमाचे संदेश, हजेरीचे फोटो, सगळे घराबाहेर एका विश्वासू माणसाकडे ठेवा. कोऱ्या कागदावर सही करू नका. दबावाखाली राजीनामा लिहून घेतला असेल, तर त्याच दिवशी ईमेलने किंवा रजिस्टर पोस्टाने 'हा माझ्या मर्जीचा नाही' असे कळवा. मालकाची सगळी आशा तुमच्या 'स्वखुशीच्या' राजीनाम्यावर असते.

तिसरे दार जातीचे. पॉश कायद्यातल्या छळाच्या व्याख्येत जातीचा रकानाच नाही, जणू बाईला जात नसते. पण २०१५ च्या दुरुस्तीनंतर अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात स्पष्ट आहे, की ती अनुसूचित जाती-जमातीची आहे हे ठाऊक असताना अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या कोणत्याही व्यक्तीने संमतीशिवाय लैंगिक हेतूने स्पर्श करणे, लैंगिक शब्द वापरणे किंवा हावभाव करणे हा गुन्हा आहे. १९९० च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातीतून आलेले बौद्धही त्यात येतात, फक्त जात प्रमाणपत्र तयार ठेवा. भारतीय न्याय संहितेचे कलम ७५ तर कोणत्याही जातीच्या आरोपीला लागू आहे. पोलीस म्हणतील, "आधी समितीचा अहवाल आणा." ही अट कोणत्याही कायद्यात नाही.

आता थोडे घरातले. छळ करणारा 'आपला' अधिकारी निघाला, की आपल्याच कर्मचारी संघटनांना चळवळीच्या बदनामीची आठवण होते. समेटासाठी बैठका होतात आणि समेट म्हणजे बाईने तक्रार मागे घेणे! बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मण्य आणि भांडवलशाही. समता, स्वातंत्र्य, बंधुता नाकारणारी वृत्ती म्हणजे ब्राह्मण्य, आणि ती ब्राह्मणेतरांतही असते, हेही त्यांनी तिथेच सांगितले. मग निळा गमछा घालून बाईला गप्प करणाऱ्याला आम्ही काय म्हणायचे? चळवळीची बदनामी तक्रारीने होत नाही, ती तक्रार दाबल्याने होते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. तक्रारीनंतर ठरावीक काळात बाईला काढले, तर ते सूडाने काढले नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाका, आणि समितीला नोकरी थांबू न देण्याचा अधिकार द्या. तो कायदा होईपर्यंत प्रत्येक विहारात, प्रत्येक कामगार संघटनेत किमान दोन माणसे अशी हवीत, जी काढलेल्या बाईचे कागद लावतील, तारखा मोजतील आणि तिच्यासोबत समितीच्या दारापर्यंत चालतील. एकटी बाई गेली तर मालक तिला थकवतो. सोबत चार माणसे उभी असली, की त्याला आधी स्वतःच्या फायली तपासाव्या लागतात.

जयभीम!