इंचभर छेदाची जाहिरात

मंडईत नेहमी दिसणारे दृश्य. साठी उलटलेले गृहस्थ दोनशे पावले चालतात, पाय शिशासारखे जड होतात, पोटऱ्यांत मुंग्या येतात. मग ते चपलेचा पट्टा नीट करण्याच्या निमित्ताने वाकतात किंवा एखाद्या ओट्यावर टेकतात. दोन मिनिटांत पाय मोकळे. हेच गृहस्थ सायकल मजेत चालवतात. पुढे झुकले की कमरेच्या कण्यातली नसांची वाट जरा रुंदावते, ताठ उभे राहिले की आवळते. घरोघरी याला ‘मणक्यातला गॅप कमी झाला’ म्हणतात. खरे तर दोन मणक्यांमधल्या फटीपेक्षा नसा जातात ती नळी इथे महत्त्वाची. वयोमानाने चकती फुगते, सांध्यांचे हाड वाढते, मागचा पिवळा अस्थिबंध जाडावतो आणि ती नळी अरुंद होते. डच शल्यविशारद हेंक व्हर्बिस्ट यांनी 1954 मध्ये हे दुखणे नेमकेपणाने मांडले.

आता शहरात जागोजागी फलक दिसतात : ‘दुर्बिणीतून ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी घरी’. तंत्र खोटे नाही. पूर्वी पाठीचे स्नायू दोन्ही बाजूंनी हाडावरून सोडवून मणक्याची मागची कमान काढत. आता सुमारे दोन सेंटिमीटरच्या छेदातून उपकरणाची नळी सरकवतात, स्नायू कापण्याऐवजी बाजूला सारतात आणि एकाच बाजूने शिरून दोन्हीकडच्या नसा मोकळ्या करतात. रक्त कमी जाते, रुग्ण लवकर उठतो. वर्ष-दोन वर्षांनी मात्र जुन्या आणि नव्या पद्धतीच्या रुग्णांत फारसा फरक उरत नाही. नस नीट मोकळी झाली का, यावरच सारे ठरते. छेद लहान ठेवण्याच्या नादात ती अर्धवट दबलेली राहिली, तर त्या लहान छेदाचे कौतुक कशाला?

आमच्या मते रुग्णाने छेदापेक्षा मणके जोडणाऱ्या स्क्रूबद्दल जास्त विचारावे. स्वीडनमध्ये 247 रुग्णांवर झालेला अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. नस मोकळी करण्यासोबत मणके जोडले, तरी दोन वर्षांनी जास्तीचा फायदा दिसला नाही. रुग्णालयातला मुक्काम तेवढा वाढला. मणका सरकलेल्या रुग्णांपुरता वाद अजून शिल्लक आहे, कारण त्याच वेळच्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात जोडणीचा थोडा लाभ आढळला होता. पण मणका जागेवर असताना स्क्रू सुचवले, तर कारण विचारलेच पाहिजे.

आणि एमआरआय पाहून घाबरायचे कारण नाही. 1990 च्या एका प्रसिद्ध पाहणीत, काहीही त्रास नसलेल्या साठीपुढच्या लोकांपैकी सुमारे 21 टक्क्यांच्या चित्रांत नसांची नळी अरुंद दिसली होती. उपचार चित्रावर नव्हे, चालण्यावर ठरवायचे. व्यायाम, औषधे आणि थोडा धीर यांवर पुष्कळांचे वर्षानुवर्षे भागते. अपवाद एकच : लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल लुळे पडले, तर फलक वाचत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.