फीची तारीख आणि पिकाची तारीख



कॉलेजांच्या अनुदानाचा विषय काढला की आपल्याच बैठकीत कुणीतरी म्हणतो, "तो प्राध्यापकांचा प्रश्न, आपला प्रश्न भावाचा." मला हे पटत नाही. गावातली किती पीककर्जे शेतात जातात आणि किती पुण्याच्या कॉलेजच्या खिडकीवर, हे सोसायटीच्या सचिवाला विचारा.

जोतीराव फुल्यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये याच पुण्यातून हंटर आयोगाला निवेदन दिले. सरकारची तिजोरी भरते रयतेच्या श्रमातून आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गांवर, असा त्यांचा हिशेब होता. पण म्हणून सरकारने कॉलेजांतून अंग काढून घ्यावे असे ते म्हणाले नाहीत. तसे केले तर विद्येचा प्रसारच खुंटेल, असे त्यांनी बजावले. आपल्यातले लोक पहिला भाग सांगतात आणि दुसरा विसरतात. (सरकारच्या प्रेमात मीही नाही.)

अंग काढून घेणे सुरू झाले १९८३ मध्ये. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. जागा वाढल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पुढे 'कायम विनाअनुदान' असा शब्दच रूढ झाला. शेतीचे शिक्षणही त्याच वाटेने गेले. शिवाजीनगरचे कृषी महाविद्यालय शंभर वर्षांहून जुने आणि सरकारी. तिथे शेतकऱ्याचे पोर झेपेल अशा फीत शिकते. आज मात्र राज्यात खाजगी विनाअनुदानित कृषी महाविद्यालये सरकारी महाविद्यालयांच्या कित्येक पट आहेत. तिथे मास्तरचा पगारही पोराच्या फीतूनच निघतो.

सरकार म्हणते, आम्ही शिष्यवृत्ती देतो. देते, खरे आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर राजर्षी शाहू योजनेत निम्मी फी, २०२४ पासून पात्र घरांतल्या मुलींची पूर्ण फी आणि अल्पभूधारकांच्या मुलांना पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह भत्ता. पण पैसा कधी येतो?

प्रवेश असतात जून ते ऑगस्टमध्ये. बियाणे, खत, पेरणीची मजुरी, सगळे त्याच दिवसांत. हातात पैसा येतो सोयाबीन निघाल्यावर, कापूस वेचल्यावर, म्हणजे दिवाळीच्या पुढे. कॉलेज म्हणते, "सरकारची रक्कम अजून आली नाही, आधी सगळी भरा, आली की परत देऊ." पेठेतली कॉट आणि मेस आगाऊ पैसे मागतात. मग बाप पीककर्ज उचलून फी भरतो आणि खत उधारीवर घेतो. युरिया वेळेवर पडत नाही, उतारा घटतो, कर्ज मुदतीत फिटत नाही आणि व्याजसवलत जाते. शिष्यवृत्ती त्यानंतर येते, वरातीमागून घोडे. त्या वर्षी बाजारही पडला तर विचारूच नका. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा कितीजणांच्या दुसऱ्या हप्त्याचे पैसे वखारीतच सडले असतील!

भाव पाडून आमच्याकडून घेतलेला पैसा फीसवलत म्हणून परत देताना त्याला मदत म्हणू नका.

संस्थाचालकांचेही एक खरे आहे. सरकार थकवते तेव्हा त्यांनी पगार कशातून द्यायचा? म्हणून मागणी सरकारकडेच आहे. शिष्यवृत्तीची रक्कम प्रवेशाच्या दिवशीच कॉलेजच्या खात्यात भरावी आणि मुलाकडून फक्त त्याचा वाटा घ्यावा. तो वाटाही दोन हप्त्यांत, दुसरा हप्ता खरिपाचा माल विकल्यावर. सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांतल्या रिकाम्या जागा भराव्यात. तासिकेवर नेमलेला मास्तर प्रक्षेत्रावर मुलांबरोबर किती वेळ उभा राहणार?

जिल्हा बैठकीला येताना ज्यांची मुले कॉलेजात आहेत त्यांनी तीन कागद आणावेत : फीची पावती, शिष्यवृत्ती जमा झाल्याची बँकेची नोंद आणि पीककर्जाचा उतारा. तारखा शेजारी शेजारी मांडून निवेदन तयार करू आणि पुण्यात उच्च शिक्षण संचालनालयापुढे नेऊ.