आडमुलूख पावसाने होत नाही



2016 च्या उन्हाळ्यात घाटकोपरला भटवाडीच्या मैदानावर पाले पडली होती. नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड भागातली ही कुटुंबे, लेकराबाळांसकट आलेली. सकाळी नाक्यावर उभे राहायचे, मिळेल त्या बांधकामावर राबायचे. मुंबई हळहळली: दुष्काळाने आडमुलखातली माणसे देशोधडीला लागली!

आमचा सवाल आहे, दुष्काळ कशाचा?

शेतकीच्या कॉलेजात आम्ही पहिल्याच वर्षी एक हिशेब शिकलो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर पाणी. त्याच 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, देशभर गाजली. पहिल्या खेपेचे पाणी पाच लाख लिटर, म्हणजे एका हेक्टरावर पडलेला 50 मिलिमीटर पाऊस! नांदेड जिल्ह्यात सरासरी सालाला 800 मिलिमीटरच्या वर पडतो. 2014 आणि 2015 ही दोन साले लागोपाठ तुटीची गेली, हे खरे. पण दोन सालांत घर मोडते, ते आधीच्या सालांनी गाठीला काही उरू दिले नाही म्हणून.

आणि पाणी आले म्हणजे दैना फिटते काय? ऑगस्ट 2025 मध्ये त्याच मुखेड तालुक्यात पूर आला, घरेदारे पाण्यात गेली. त्याच आठवड्यात, 19 ऑगस्टपासून, केंद्र सरकारने आयात कापसावरचे 11 टक्के शुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेर, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेर. नेमका आपल्या वेचणीचा हंगाम! मध्यम धाग्याचा हमीभाव 7,710 रुपये जाहीर करायचा आणि बाहेरच्या कापसाला दार उघडायचे, हा कुठला न्याय?

तज्ज्ञ सांगतात, शेती सुधारा. आम्हीही हाच सल्ला देत गावोगाव फिरलो. बियाणे बदलले, खते बदलली, उतारा वाढला. कर्ज मात्र हटले नाही. तेव्हा कळले की रोग पिकात नाही, भावात आहे.

आपला मुलूख दूर आहे म्हणतात. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, ती वऱ्हाडातून आपला कापूस न्यायला. तेव्हा दूर वाटला नाही! माल न्यायला रस्ता सापडतो, दाम द्यायची वेळ आली की आम्ही आडमुलूख.

जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने दोन आकडे लिहून आणावेत. यंदा किती कुटुंबे गाव सोडून गेली? कापूस आणि ज्वारी हमीभावाच्या किती खाली विकली? दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडू. घाटकोपरची पाले कोणी ठोकायला लावली, ते सरकारलाही वाचता येईल.